विवेक आणि भेदभाव : इंग्रजीतले चार शब्द, गीतेतले दोन श्लोक

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३०. सोबत अध्याय ५, श्लोक १८ पण उघडून ठेवा, लागणार आहे.

अठराव्या अध्यायात भगवंत एकेका गोष्टीचे तीन-तीन प्रकार सांगतात. ज्ञान तीन प्रकारचं, कर्म तीन प्रकारचं, कर्ता तीन प्रकारचा. आज बुद्धीची पाळी. सात्त्विक बुद्धी कोणती? तर जिला फरक कळतो ती. कशात पडायचं आणि कशातून मागे फिरायचं, काय करावं आणि काय करू नये, कशाला भ्यावं आणि कशाला भिऊ नये, कशाने माणूस बांधला जातो आणि कशाने सुटतो, हे जिला कळतं ती बुद्धी सात्त्विक.

आता पाचव्या अध्यायाकडे या. तिथे विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने सगळ्यात खाली ढकललेला श्वपाक, या सगळ्यांकडे ज्ञानी माणूस सारख्याच दृष्टीने बघतो असं म्हटलंय.

म्हणजे एकीकडे फरक ओळख, दुसरीकडे सगळ्यांना समान बघ. मग नक्की काय करायचं?

हा प्रश्न मला माझ्या भाचीमुळे जास्त टोचला. ती नववीत आहे, इंग्रजी माध्यमात. माझ्या कपाटात विवेकचूडामणीचं एक इंग्रजी भाषांतर आहे, स्वामी प्रभवानंद आणि ख्रिस्तोफर इशरवूड यांनी केलेलं, १९४७ सालचं. नावात ‘क्रेस्ट-ज्युएल ऑफ डिस्क्रिमिनेशन’ असे शब्द आहेत. ते बघून ती म्हणाली, “मामा, डिस्क्रिमिनेशन तर वाईट असतं ना? आम्हाला शाळेत हेच शिकवलंय. मग त्याचा मुकुटमणी कसा काय? तूच सांग.”

प्रश्न भाषेचा वाटतो, पण तो अध्यात्माचाच आहे. म्हणून आज थोडा शब्दांचा अभ्यास करू.

चार शब्द, चार कामं

इंग्रजीत ‘फरक ओळखणे’ या अर्थाचे शब्द शोधले की चार नावं लगेच सापडतात : डिफरन्शिएट, डिस्टिंग्विश, डिसर्न आणि डिस्क्रिमिनेट. समानार्थी शब्दांच्या यादीत ते एका ओळीत छापलेले असतात, पण प्रत्येकाचं काम थोडं निराळं आहे.

डिफरन्शिएट म्हणजे दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक मांडणे. आपल्या परीक्षेत ‘फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न यायचा, कागदाच्या मधोमध उभी रेघ मारून आपण दोन रकाने करायचो, तेच हे. आम्ही प्रोग्रॅमर लोक रोज एक साधन वापरतो, त्याचं नावच ‘डिफ’. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी ते तयार केलं. दोन फायली दिल्या की कुठली ओळ गेली आणि कुठली आली ते दाखवतं. पण त्यातली बरोबर कुठली, हे डिफ कधीच सांगत नाही. फरक दाखवला की त्याचं काम संपलं.

डिस्टिंग्विश म्हणजे एखाद्या खुणेवरून वेगळं ओळखणे. गर्दीत आईचा आवाज ओळखू येतो, जुळ्या भावांपैकी एकाच्या हनुवटीवरच्या तिळावरून तो कोण ते कळतं. लाल-हिरवा रंग वेगळा न दिसणाऱ्या माणसाची अडचण इंग्रजीत सांगताना हाच शब्द येतो. इथे डोळे, कान, खूण यांचं काम जास्त. बोलीभाषेत यालाच ‘टेल अपार्ट’ म्हणतात.

डिसर्न जरा खोल जातो. जे चटकन दिसत नाही ते लक्ष देऊन ओळखणे. याला प्रत्येक वेळी दोन वस्तू लागतात असं नाही. समोरच्याचा हेतू, बोलण्यामागचं सत्य, आपल्याच मनातली लपलेली इच्छा, असं एकच काहीतरी धुक्यातून दिसू लागतं, त्याला डिसर्न म्हणायचं. आपल्याकडचा ‘पारख’ हा शब्द याच्या जवळचा. पारख हा परीक्षेचाच घरगुती अवतार आहे.

आणि चौथा डिस्क्रिमिनेट. याचे दोन चेहरे आहेत. चांगल्या अर्थाने बारीक फरक जाणणे. गाण्यातला किंवा खाण्यातला जाणकार, ज्याला आपण चोखंदळ म्हणतो, त्याच्या आवडीला इंग्रजीत ‘डिस्क्रिमिनेटिंग’ म्हणतात. आणि वाईट अर्थाने एखाद्याला त्याच्या जातीवरून, रंगावरून, लिंगावरून कमी वागणूक देणे. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात रुळला तो साध्या ‘वेगळं ओळखणे’ या अर्थानेच. वाईट अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकात चिकटला, अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली त्या सुमारास, काळ्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल बोलताना. आज तोच अर्थ सगळ्यांच्या तोंडी आहे, म्हणून भाची दचकली.

गंमत बघा, व्याकरणाने दोन चेहरे वेगळे ठेवलेत. चांगल्या अर्थाच्या पुढे सहसा ‘बिट्वीन’ येतं : या दोहोंमधला फरक. वाईट अर्थाच्या पुढे ‘अगेन्स्ट’ येतं : अमक्याच्या विरुद्ध. क्रियापद तेच, पण पुढचा छोटा शब्द बदलला की पुण्याचं पाप होतं.

माझ्या कामात तर दोन्ही अर्थ एकाच दिवशी कानावर पडतात. २०१४ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेत एक पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्यात एक जाळं खोटी चित्रं तयार करतं आणि दुसरं जाळं खरं-खोटं ओळखायला शिकतं. या दुसऱ्याला ‘डिस्क्रिमिनेटर’ म्हणतात आणि फरक ओळखणं हेच त्याचं काम. त्याच दिवशी दुपारी ऑफिसात डिस्क्रिमिनेशन करू नये याचं ट्रेनिंग असतं. दोन्ही बरोबरच आहे!

मराठीने मात्र हा घोळ ठेवला नाही. चांगल्याला आपण विवेक म्हणतो, तारतम्य म्हणतो. वाईटाला भेदभाव, दुजाभाव, आपपरभाव. तारतम्य हा शब्द मला फार आवडतो. ‘तर’ आणि ‘तम’ हे संस्कृतातले दोन प्रत्यय, लघुतर-लघुतम मधले. कमी काय, जास्त काय, सगळ्यात जास्त काय, हे ज्याला कळतं त्याला तारतम्य आहे. आणि दुजाभाव म्हणजे समोरच्याला ‘दुजा’, दुसरा, परका मानणं. दोन शब्द इतके लांब आहेत की गोंधळ व्हायलाच नको. तरीही होतो, आणि तोच आजचा विषय आहे.

मुळाशी एकच चाळणी

आता शब्दांच्या मुळाकडे जाऊ. डिसर्न आणि डिस्क्रिमिनेट ही एकाच घरची भावंडं. लॅटिनमधल्या ज्या क्रियापदापासून ती आली, त्याचा मूळ अर्थ चाळणे, चाळून वेगळं करणे. लॅटिनमधला चाळणीचा शब्दही त्याच कुळातला.

आणि आपला विवेक? ‘वि’ उपसर्ग आणि ‘विच्’ धातू. विच् म्हणजे वेगळं करणे, पाखडणे. शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच अध्यायात, यज्ञासाठी कांडलेलं धान्य पाखडताना म्हणायचा एक मंत्र आहे. वाऱ्याने तुम्हाला वेगळं करावं, असं त्यात धान्याला उद्देशून म्हटलंय, आणि तिथे क्रियापद हेच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ७१ वं सूक्त वाणीबद्दल आहे. तिथे चाळणीने सातू स्वच्छ करावेत तशी शहाणी माणसं मनाने वाणी स्वच्छ करतात, असा दृष्टान्त येतो.

म्हणजे रोममध्ये काय किंवा आपल्याकडे काय, विवेकाचा पहिला धडा धान्य साफ करतानाच मिळाला. सूप, चाळणी, वारा. आपल्या आया-आज्यांचं रोजचं काम!

मी आईला विचारलं, “सूप आणि चाळणी, दोन्ही कशाला लागतात गं?” ती म्हणाली, “अरे, सुपात हलकं उडून जातं आणि जड राहतं. चाळणीत बारीक खाली पडतं आणि जाड वर राहतं. पण तांदळाएवढाच खडा असला तर सूपही चुकतं आणि चाळणीही. तो ताटात पसरून डोळ्यांनीच निवडावा लागतो.”

माझ्यासाठी यात सगळं आलं. सूप वजन ओळखतं, चाळणी आकार ओळखते. प्रत्येक साधनाला एकच कसोटी माहीत असते. आणि जिथे खडा आणि दाणा दिसायला सारखेच, तिथे थांबून, एकेक दाणा बघून निवडावं लागतं. ते डिसर्न, तो विवेक.

पण एक गोष्ट आईने सांगितली नाही, कारण ती सांगायची गरजच नव्हती. चाळणीत धान्य घालायचं असतं. माणसं घालायची नसतात.

दोन श्लोकांतल्या दोन याद्या

आता पुन्हा अठराव्या अध्यायातला तिसावा श्लोक उघडा आणि बुद्धीने कशाकशात फरक करायचा ते मोजा. प्रवृत्ती आणि निवृत्ती. कार्य आणि अकार्य. भय आणि अभय. बंध आणि मोक्ष. चार जोड्या झाल्या. या चारांत एकही माणूस नाही, एकही प्राणी नाही. सगळी कर्मं आहेत, वाटा आहेत, मनाच्या अवस्था आहेत.

मग पाचव्या अध्यायातली यादी मोजा. ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा, श्वपाक. पाचही जिवंत. एकही कर्म नाही, एकही वाट नाही.

म्हणजे दोन श्लोकांत भांडण नाहीच. ‘काय करावं’ हा प्रश्न असेल तेव्हा बारीक चाळणी लावायची. ‘समोर कोण आहे’ हा प्रश्न असेल तेव्हा चाळणी खाली ठेवायची. शांकर वेदान्तात साधकाच्या तयारीची पहिली पायरी नित्य आणि अनित्य वस्तूंचा विवेक अशी सांगितली आहे. तिथेही शब्द ‘वस्तू’ आहे.

याच अध्यायात दहा श्लोक आधी, विसाव्या श्लोकात, सात्त्विक ज्ञानाची खूण सांगितली आहे : वेगवेगळ्या दिसणाऱ्या सगळ्या भूतांमध्ये एकच अविभक्त तत्त्व पाहणं. आधी एकत्व, मग विवेक, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. एकत्व न पाहता हातात चाळणी घेतली की काय होतं ते पुढच्या दोन श्लोकांत आहे. राजस बुद्धी धर्म आणि अधर्म वेडावाकडा ओळखते. आणि तामस बुद्धी तर अधर्मालाच धर्म समजते, सगळंच उलटं बघते. ती फरक करतच नाही असं नाही. करते, तोही मोठ्या खात्रीने. पण उलटा.

एक पळवाट, आणि तिचं उत्तर

इथे काही जण म्हणतील, आणि म्हणतातच : “समदर्शन सांगितलंय, समवर्तन नाही. हत्तीला आणि कुत्र्याला एकच चारा घालतो का आपण? दृष्टी समान ठेवायची, वागणूक ज्याची त्याची.”

हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून धोक्याचं आहे. हत्तीला ऊस आणि कुत्र्याला भाकरी, हे बरोबरच. पण याच वाक्याच्या आडोशाने शतकानुशतकं काय काय झालं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. चोखोबांची समाधी पंढरपुरात विठ्ठलाच्या महाद्वारासमोर आहे, बाहेर. त्यांच्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी, १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावं लागलं, तेव्हा कुठे ते मंदिर दलितांना खुलं होण्याचा मार्ग मोकळा झाला. अडवणारे स्वतःला अविवेकी समजत नव्हते. ते शास्त्र पाळत होते, असं त्यांना वाटत होतं. बत्तिसावा श्लोक इथे अंगावर येतो.

आजही घराघरांत बघा. घरकामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा. सोसायटीत त्यांची लिफ्ट वेगळी. विचारलं तर उत्तर मिळतं, “भेदभाव नाही हो, स्वच्छतेसाठी.” ज्या हातांनी आपली भांडी घासली जातात, पोळ्या लाटल्या जातात, त्याच हातांना कप मात्र वेगळा. यात स्वच्छतेचा हिशोब कुठे जुळतो?

मग योग्य फरक कुठला आणि भेदभाव कुठला, हे ओळखायचं कसं? याची एक चांगली कसोटी मला आपल्या न्यायालयांकडून मिळाली. राज्यघटनेच्या १४ व्या अनुच्छेदात कायद्यापुढे समानता आहे. १५ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला राज्याला मनाई आहे. तिथे इंग्रजीत शब्द डिस्क्रिमिनेशन आहे, मराठीत भेदभाव. पण कायदा सगळ्यांना सरसकट एकच नियम लावू शकत नाही. लहान मुलांसाठी नियम वेगळे लागतात, कमी उत्पन्नावर कर वेगळा लागतो. मग वेगळेपण कधी चालेल? १९५२ सालच्या पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध अन्वर अली सरकार या खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय दोन प्रश्न विचारत आलंय. पहिला : ज्या फरकावरून तुम्ही वर्ग पाडलात, तो खरा आणि समजण्यासारखा आहे का? दुसरा : त्या फरकाचा तुमच्या उद्देशाशी काही तर्कशुद्ध संबंध आहे का?

हत्तीच्या उसाला लावून बघा. फरक खरा आहे, पोट वेगळं आहे. उद्देश प्राण्याचं पोट भरणं, संबंध सरळ. पास! आता कपाला लावा. फरक काय, तर ती बाई आपल्याकडे काम करते. उद्देश काय, तर स्वच्छता. दोहोंचा काही संबंध? नाही.

मी यात माझ्यासाठी एक तिसरा प्रश्न जोडतो. हा फरक मी कोणासाठी करतोय? हत्तीचा चारा हत्तीसाठी वेगळा असतो. मावशींचा कप मावशींसाठी वेगळा नसतो, तो माझ्यासाठी असतो. माझ्यातल्या ‘मी वरचा’ या भावनेसाठी.

नोकरीच्या मुलाखती घेताना ही कसोटी फार कामी येते. तिथे माणसांतून निवड करावीच लागते, ते टळत नाही. म्हणून उमेदवार समोर यायच्या आधी मी कागदावर लिहून ठेवतो की या कामाला काय काय यायला हवं. आडनाव, गाव, इंग्रजीचा उच्चार, कॉलेजचं नाव त्यात येत नाही, कारण कोड चालण्याशी त्यांचा संबंध नाही. म्हणजे चाळणी कामाला लागते, माणसाला नाही. कोणाला नकार दिला तरी त्याच्या कामाबद्दलचा तो निर्णय असतो, त्याच्या किमतीबद्दलचा नाही.

नाथांची कावड

विवेक आणि समदृष्टी एकत्र कशी दिसते याचं सगळ्यात सुंदर चित्र आपल्याकडे पैठणच्या एकनाथ महाराजांचं आहे. काशीहून गंगेची कावड घेऊन यात्रा रामेश्वराकडे निघाली होती, असं सांगतात. वाटेत उन्हात एक गाढव तहानेने तडफडत पडलं होतं. नाथांनी कावडीतलं पाणी त्याला पाजलं.

ही गोष्ट आपण भूतदयेची म्हणून सांगतो. मला तीत आजचे दोन्ही श्लोक दिसतात. गाढवात आणि रामेश्वरात एकच तत्त्व पाहणं हे पाचव्या अध्यायातलं समदर्शन. आणि या क्षणी कार्य काय, अकार्य काय, पाण्याची गरज खरी कोणाला, हे अचूक ओळखणं हा अठराव्या अध्यायातला विवेक. नाथांनी फरक केला, नक्कीच केला. तहानलेला कोण आणि नसलेला कोण, एवढाच. गाढव कोण आणि देव कोण, हा फरक त्यांनी केला नाही.

भाचीला मी एवढंच सांगितलं, की त्या पुस्तकाच्या नावातला शब्द ‘बिट्वीन’वाला आहे, ‘अगेन्स्ट’वाला नाही. खरं-खोटं, टिकणारं आणि न टिकणारं, यांच्या मधला. ती म्हणाली, “मग विवेक हाच शब्द सोपा आहे की!” खरंच आहे.

आजचा अभ्यास

१. आज दिवसभरात जिथे जिथे तुम्ही ‘हे वेगळं, ते वेगळं’ केलंत, अशा तीन जागा रात्री आठवा. चाळणीत काय होतं, एखादी गोष्ट की एखादं माणूस, एवढं बघा.

२. घरात, ऑफिसात, सोसायटीत कुठलीही एक वेगळी व्यवस्था निवडा आणि तिला तीन प्रश्न विचारा. फरक खरा आहे का? उद्देशाशी त्याचा संबंध आहे का? आणि तो कोणासाठी आहे?

३. उत्तर ‘माझ्या मोठेपणासाठी’ असं आलं, तर ती व्यवस्था उद्या सकाळीच बदला. एक कप बदलायला पंचांग बघावं लागत नाही.

प्रार्थना

पांडुरंगा, माझ्या बुद्धीला धार दे, पण ती धार माझ्याच विचारांवर आणि कर्मांवर चालू दे. करण्यासारखं काय आणि सोडण्यासारखं काय, ते मला वेळेवर कळू दे. आणि समोर कोणी उभं राहिलं की माझ्या हातातली चाळणी आपोआप खाली ठेवली जाऊ दे. दारात आलेल्या प्रत्येकात तू आहेस, हे मला ओळखू येऊ दे.

उद्या श्लोक ३१. राजस बुद्धीला धर्म वेडावाकडा का दिसतो, ते सविस्तर बघू.

राम कृष्ण हरी!